गागारिनवाला गोळा आणि कॅमेरेवाला गोळा

युरी गागारिन व्होस्टोक नावाच्या गोळ्यासारख्या यानातनं अंतराळात गेला हे शाळेतल्या पोरालाही माहितीय, पण तसलाच गोळा माणसाऐवजी कॅमेरे भरून जायचा हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचं नाव झेनिट-२. डिसेंबर १९६१ ला पहिला सोडला तो कक्षेत पोचलाच नाही, मग २६ एप्रिल १९६२ ला बैकोनूरच्या रॉकेट तळावरनं दुसरा गेला, सोव्हिएत रशियानं जगाला नाव सांगितलं कॉसमॉस-४, विज्ञानाचं काम चाललंय म्हणून, आणि खरं काम काय तर दुसऱ्यांच्या लष्करी तळांचे फोटो! तीन दिवसांत खाली पण आला.

मला भारी वाटतं ते म्हणजे कॅमेऱ्यासकट अख्खा गोळाच परत यायचा. अमेरिकेचा कोरोना नावाचा हेर उपग्रह फिल्म तेवढी छोट्या कॅप्सूलमधनं खाली सोडायचा आणि ती पॅराशूटवर लोंबकळत येताना विमानानं हवेतच पकडायचे, सिनेमात दाखवलं तर आपण फेकतायत म्हणलो असतो. रशियाचं रॉकेट दणकट, साडेचार टनांच्या वरचं धूड उचलायचं, मग काय, २.३ मीटरच्या गोळ्यात हवा भरून आत निवांत कॅमेरे ठेवले, काचेतनं फोटो काढायचे.

नवी पेठेत ओळखीचे एक काका आहेत, आधी फोटो स्टुडिओ होता, आता फ्रेम आणि मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "लेन्स केवढी रे?" मी म्हणलं तीन कॅमेरे १००० एमएमचे, एक २०० चा. गप्पच झाले. सोलापुरातली अर्धी लग्नं त्यांनी १३५ एमएमच्या टेली लेन्सवर काढलीत. मग म्हणाले, "आन् मधी ढग आला तर? रोल धुतल्याशिवाय कळणारच नाही की बे!" नाहीच कळायचं. करोडोंचा खर्च करून खाली आणायचा आणि धुतल्यावर रोलभर नुसते ढग.

रशियाच्या रॉकेटांचा मुख्य डिझायनर कोरोल्योव्ह, त्याला माणूस पाठवायचा होता, लष्कराला फोटो पाहिजे होते, त्यानं एकाच डिझाइनमध्ये दोन्ही बसवलं. मला तर वाटतं लष्कराला फोटो नको असते तर गागारिनचं काम एवढ्या लवकर मंजूरच झालं नसतं. व्होस्टोक आणि त्याच्यानंतरचं यान वोस्खोड मिळून माणसं घेऊन आठच वेळा उडाले, १९६५ ला संपलं. झेनिट मात्र सुधारत सुधारत १९९४ पर्यंत चालू होते, पाचशेच्या वर सोडले.