गोंडीची वही: आता प्रत्येक शब्दापुढे गाव

सेवा जोहार मंडळी!

आत्याकडून ऐकलेले गोंडी शब्द मी एका वहीत गोळा करतोय. ते कोणत्या लिपीत लिहायचे, हा घोळ मी माझ्यापुरता मिटवलाय. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली लिपी 2017 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात आली, आणि आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या पोथ्यांची लिपी 2018 मध्ये. दोन्हींचे नोटो फॉन्ट फुकट मिळतात, दिसतातही झकास. पण शब्द सांगणारी माझी आत्या, आणि तिला वाचता येते फक्त देवनागरी. मग वही देवनागरीतच.

खरं काम अडलं होतं ते ‘मीठ’ या शब्दापाशी. गोंडीच्या कोशात ‘सोवर’, आत्या म्हणते ‘होवर’. ती गडचिरोलीत एटापल्लीकडे दिलेली. मी तिला दोनदा विचारलं तर वैतागली, “तुझ्या पुस्तकाला कोण मीठ वाढते रे?” पण ही काही तिची लकब नाही. उत्तरेच्या गोंडीतला शब्दारंभीचा ‘स’ दक्षिणेकडे येता येता ‘ह’ होतो, आणि काही बोलींत तोही गळून ‘ओवर’ उरतं. तेव्हा ‘शुद्ध’ रूप शोधणं बंद. एक्सेलमध्ये आता गावाचा रकाना आहे, आणि प्रत्येक शब्दापुढे आवाजाची फाइल. नुसतं लिहून ठेवलं तर स्वराची लांबी हमखास चुकते.

व्याकरणात लिंगाची गंमत चालू आहे. पुरुष आला तर ‘वातोर’. बाई आली, गाय आली, एसटी आली, सगळ्यांना ‘वाता’. मराठी डोक्याला तिसरं रूप शोधायची खोड, ती जाता जात नाही. आकडे मात्र पटकन बसले: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग.

बाबा नोकरीसाठी नागपुरात आले आणि घरातली गोंडी हळूहळू फोनपुरती उरली. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेलं शहर हे, पण सीताबर्डीच्या गर्दीत मला ती क्वचितच कानावर पडते. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर आहेत, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. त्यावर बोलायला लागलो तर वही बाजूलाच राहील.

पुढचा बेत माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला, गोंडांच्या जत्रेला जायचा. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, सगळीकडून लोक येतात, म्हणजे रकाने भरतील. तोवर किनवटकडे कुणाची आजी असेल तर मिठाला ती काय म्हणते, तेवढं विचारा. जमलं तर रेकॉर्ड करूनच पाठवा.