कोअर टू ड्युओवर डेबियन १३

शाळेच्या ग्रंथालयातला डेस्कटॉप दुरुस्तीला आला: कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ बोर्ड, रॅम १ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ बसवून द्या, अशी मागणी. टीपीएम या सुरक्षा चिपची अट चुकवता येते हो, पण २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) लागतातच. ई७५०० एसएसई४.१ वरच थांबतो, त्यामुळे ती आवृत्ती बूटच होत नाही. लिनक्सही बघूनच निवडावं लागतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ हवं, म्हणजे याच सूचना असलेला प्रोसेसर, म्हणून तेही बाद. डेबियन १३ या लिनक्सला साधा ६४-बिट प्रोसेसर पुरतो.

डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या. या चिपसेटची कमाल मर्यादाच ४ जीबी. हार्ड डिस्क काढून १२० जीबीची साटा एसएसडी लावली. वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी घेतली.

पेनड्राइव्ह बूट होईना. बूट मेनूत यूएसबी-एचडीडी निवडलं की कर्सर नुसता लुकलुकायचा. अशा जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्या यादीत सापडतो, आणि तोही मशीन चालू करण्याआधी लावलेला असेल तरच. ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’त त्याला सगळ्यात वर नेलं आणि इन्स्टॉलर आला.

पुढे बेस सिस्टिम बसवताना गाडी अडली: डिजिटल सही अवैध. लॉग उघडल्यावर कारण दिसलं. मशीनचं घड्याळ २००९ मध्ये होतं, म्हणून रिपॉझिटरीची (डेबियनच्या पॅकेजांचा ऑनलाइन साठा) सही त्याला भविष्यातली वाटत होती. अशा वेळी लोक मिरर (डाउनलोडचा सर्व्हर) बदलत बसतात, आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पुन्हा उतरवतात. खरा दोष बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलचा असतो. नवा सेल बसवला, बायॉसमध्ये तारीख भरली, इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं. पार्टिशन टेबल मुद्दाम जुन्या एमबीआर पद्धतीचं ठेवलं, कारण या वयाचे काही बायॉस नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवरून बूट करताना अडतात.

डेस्कटॉप म्हणून हलका एक्सएफसीई घेतला. या ऑनबोर्ड ग्राफिक्सला ग्नोम हा जड डेस्कटॉप झेपत नाही. रॅमचाच काही भाग कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरणारं झेडरॅम-टूल्स टाकून ‘पर्सेंट’ ५० केलं. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन मधलं इनस्क्रिप्ट लावलं. यूट्यूबच्या व्हीपी९ व्हिडिओ फॉरमॅटचं डीकोडिंग पूर्ण प्रोसेसरवर पडतं, म्हणून ब्राउझरमध्ये त्याहून हलका एच२६४ फॉरमॅट सक्तीचा करणारं एक्स्टेन्शन घातलं आणि ४८०पी च्या वर जाऊ नका, असं ग्रंथपालबाईंना सांगितलं.