करवंटीचा दाखला

चूल बनवायला मला चार महिने लागले. करवंटी हे जळण आहे हे कागदावर चढवायला सात. म्हणून चुलीपेक्षा त्या कागदाबद्दलच जास्त लिहिणार, आधीच सांगतो.

गोव्यात डिचोलीजवळ माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. घरी गॅस आहे, पण न्हाणीचं पाणी आणि चवथीचं मोठ्या टोपातलं जेवण अजून चुलीवरच. आई धुराने खोकायची. पहिला प्रयोग काजूच्या टरफलांवर केला आणि तोंडघशी पडलो. काजू बिब्ब्याच्याच कुळातला; टरफलातलं तेल लागून बोटांची साल निघाली, आणि धूर असा की शेजारीण भांडायला आली. घरच्या चुलीत टरफलं घालू नका.

मग भाटातल्या, म्हणजे नारळाच्या बागेतल्या, करवंट्या. डब्यात डबा अशी चूल केली: तळाला थोडी भोकं, वरच्या काठाला जास्त. जळण भरून वरून पेटवायचं. आग हळूहळू खाली सरकते, खालून निघणारा वायू वरच्या भोकांतल्या हवेत जळून जातो. माझी तळाची भोकं सुरुवातीला मोठी झाली होती, त्यामुळे सगळं भडकायचं. निम्मी बुजवली आणि चूल शहाणी झाली.

आता कार्यालय. चुलींच्या अनुदानाच्या यादीत माझ्या चुलीचं नाव यायचं तर चाचणी हवी, आणि चाचणीचा अर्ज इथूनच पुढे जातो. अर्जात रकाना: ‘इंधन व त्याच्या उपलब्धतेचा दाखला’. मी लिहिलं, नारळाची करवंटी. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “ह्याचा दाखला?”

“कोण देतो?”

“ते आम्हांला काय माहीत? आम्ही देत नाही, आम्ही मागतो.”

पंचायतीत गेलो. ते म्हणाले, नारळ म्हणजे बागायत, तिकडे जा. बागायतवाले म्हणाले, नारळाचा देऊ, करवंटीचा कसा देणार? जळण आमच्याकडे येत नाही, जळण म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे झाडांचं खातं. तिथल्या साहेबांनी अर्ज उलटसुलट केला आणि विचारलं, “नारळ झाडात धरतात का?” आता हा प्रश्न गोव्यात विचारायचा नसतो. 2016 मध्ये कायदा बदलून नारळ झाडांतून काढला होता आणि 2017 मध्ये परत घातला. मी म्हटलं, “सध्या धरतात.” साहेब हसले नाहीत. फाईल ठेवून घेतली. पुढचे दोन महिने साहेब कधी बैठकीला, कधी रजेवर, आणि मी दुपारी एकला पोचलो की जेवायला. (एकच्या आत जा. नाहीतर बाहेरच्या बाकावर बसून घामाघूम व्हा.) चवथ होऊन गेली, पाऊस संपला, दिवाळी आली. एकदा रागाने करवंट्यांची पिशवीच टेबलावर ठेवली. शिपायाने दोन उचलल्या, म्हणाला, घरी शोभेच्या वस्तू करतो.

डिसेंबरात पुन्हा पहिल्या खिडकीवर. तिथे कंत्राटावरची एक मुलगी बसली होती. तिने अर्ज वाचला, म्हणजे खरोखरच वाचला, आणि म्हणाली, “काका, करवंटी कशाला लिहिलंत? मागच्या पानावर यादी आहे. ‘शेतीतले अवशेष’ला खूण करा. यादीतलं असलं की दाखला लागत नाही.”

मागचं पान. बारीक अक्षर. सात महिने तो कागद माझ्याच पिशवीत होता, आणि चार टेबलांवरून फिरला होता. रडावं की हसावं कळेना. मी तिथेच पेन मागून खूण केली. अर्ज आठ दिवसांत पुढे गेला.

चाचणीचं फार सांगण्यासारखं नाही. भारतीय मानक आयएस 13152, भाग 1, साल 2013. पंख्याशिवायच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा, किमान 25 टक्के लागते. भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड 5 ग्रॅमच्या आणि धुराचे कण 350 मिलिग्रॅमच्या आत हवेत. पंखा लावलात तर 35 टक्के आणि 150 मिलिग्रॅम. आधी त्यांच्या मोजून कापलेल्या लाकडावर झाली, मग माझ्या करवंट्यांवर. दोन्हींत पास.

हो, राहिलंच: करवंटी दोन-तीन बोटं रुंदीची फोडा, अख्खी टाकली तर मधे हवा अडते. सोडण (नारळाचं वरचं तंतूचं साल) नीट वाळलेलं नसेल तर मिसळू नका, पावसाळ्यात तर नकोच. आतला डबा स्टेनलेसचा घ्या. माझा साध्या पत्र्याचा पहिला डबा उष्णतेने आणि इथल्या दमट हवेने पाहता पाहता खाल्ला. शेवटी कोळसा उरतो, तो विझवून ठेवा, आई धुपाला वापरते. आणि अर्ज उलटून बघा.

मान्यतेचं पत्र आल्यावर त्या मुलीसाठी पेढे घेऊन गेलो. तिचं कंत्राट संपलं होतं. खिडकीवर परत तेच गृहस्थ. “कसला दाखला हवा?” म्हणाले.