सेगेडीबाई सेगेडला गेल्याच नाहीत

बुडापेस्टचे चार दिवस एका ओळीत सांगतो: संसद बाहेरून पाहिली, गरम पाण्याच्या हौदात तासभर उकडून घेतलं, बाकी वेळ रांगेत गेला. ही पोस्ट एका दारावरच्या पाटीमुळे लिहितोय.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पाटीवर होतं 'सेगेडी'. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खानावळीत मेनू उघडला तर 'सेगेडी हॉलासले', म्हणजे लालभडक माशाचं सूप. मला वाटलं, खानावळही आमच्या मालकीणबाईंचीच! तसं विचारलंसुद्धा. वेटर इतका हसला की बायकोने माझ्याशी ओळख दाखवायचं सोडलं.

हंगेरियनमध्ये गावाच्या नावाला 'ई' लावली की 'त्या गावचा'. आपला 'कर'च. सूप सेगेडी, मिरचीपूड सेगेडी आणि माणूसही सेगेडी. देब्रेत्सेनचा देब्रेत्सेनी, एगरचा एग्री. आडनाव आधी, नाव नंतर. १९३१च्या सिनेमातला ड्रॅक्युला आठवतोय? आपण त्याला बेला लुगोसी म्हणतो, तिकडे तो लुगोशी बेला. मूळ आडनाव ब्लाश्को; १८८२ साली लुगोश गावी जन्मला, म्हणून पुढे लुगोशी झाला. लुगोश आता रोमानियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या त्रियानोन तहात हंगेरीच्या सीमा आत सरकल्या आणि कितीतरी आडनावांची गावं परदेशात गेली.

सेगेड मात्र देशातच आहे. बुडापेस्टहून रेल्वेने अडीचेक तास. "तुमचं गाव कसं आहे?" मी मालकीणबाईंना विचारलं. वयस्क बाईला तिथे 'नेनी' म्हणतात, आम्हीही म्हणायचो. नातीने भाषांतर केलं. नेनी म्हणाल्या, "कधी गेले नाही."

सत्तरी उलटली आणि अडीच तासांवरचं गाव पाहिलं नाही? मला उगीचच राग आला. रात्री डोकं ताळ्यावर आलं. सेगेडात राहणाऱ्याला शेजारी सेगेडी कशाला म्हणतील? गाव सोडून दुसरीकडे गेला, त्यालाच हे नाव चिकटणार. शिवाय माझ्या आडनावातलं कोकणातलं गाव मी तरी कुठे पाहिलंय? नकाशावर बोटाने मोठं करून, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ठरलेला कार्यक्रम मोडून सेगेडला गेलो (बायको आली नाही). मार्च १८७९ मध्ये तिसा नदीच्या पुराने हे शहर जवळजवळ पुसून टाकलं होतं. ज्या शहरांनी मदत पाठवली त्यांची नावं नव्या वर्तुळाकार रस्त्याच्या तुकड्यांना दिली: लोंदोनी, पारिझी, रोमाई. म्हणजे लंडनकर, पॅरिसकर, रोमकर! त्या पाट्यांचे फोटो काढत दोन तास उन्हात फिरलो. सूप प्यालो, फार तिखट नव्हतं.

नेनींसाठी मिरचीपुडीची पुडी आणली. वर ठळक अक्षरांत 'सेगेडी'. त्यांनी चष्मा लावून वाचलं, किंमत विचारली, आणि नातीकडून निरोप आला: खालच्या दुकानात हीच स्वस्त मिळते.