कूलर गार हवा देतोय तोवर

१८ एप्रिल, परभणी

पाच किलोमीटरच्या शर्यतीला पाच आठवडे उरले. आजपासून दोन आठवडे रोजचं हलकं पळणं सकाळी साडेसहाला, कोवळं ऊन अंगावर घेत. जोराचं पळणं मात्र पाचलाच, अंधारात. उन्हाची सवय उन्हातच होते, पण हप्त्याहप्त्यानं. पहिले चार दिवस २० मिनिटं, तेही सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं; मग रोज ५ मिनिटं वाढवत ४० वर थांबायचं. सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, नंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुरती सवय लागायला १० ते १४ दिवस जातात. मधेच लग्नसराईत आठवडा गेला की ती उतरायला लागते, आणि या दिवसांत पत्रिका काही कमी येत नाहीत.

दुपारी चारला पळून लवकर तयार होऊ म्हणणारे दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाहीत.

२३ एप्रिल

आपल्याकडचं ऊन फसवतं. मुंबईत घाम निथळतो, इथं तो अंग ओलं व्हायच्या आत उडून जातो. बनियन कोरडा, म्हणजे पाणी गेलंच नाही असं वाटतं. काळा टी-शर्ट काढून पाठ बघावी: दोन खांद्यांच्या मधे पांढरी नक्षी उमटलेली असते, कडेला दाट, आत पुसट. बोट फिरवलं की खरखरीत लागते. हे सगळं मीठ.

म्हणून काट्यावर भरवसा ठेवावा. लघवी करून, कपडे काढून वजन घ्यायचं. पळून आल्यावर अंग पुसून पुन्हा. आधी ६२.०, नंतर ६१.४, मधे २०० मिली पाणी प्यालं, तर ४० मिनिटांत ८०० मिली घाम गेला. म्हणजे तासाला सव्वा लिटरच्या आसपास. घट ६०० ग्रॅमची, ती भरायला पुढच्या दोन-तीन तासांत ९०० मिली थोडं थोडं करून घ्यायचं. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं. मीठ घातलेलं ताक आणि भाकरी-भाजी बहुतेक दिवशी पुरते. जास्तच घट झाली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मिठाचा अंदाज हातानं घेऊ नये. वजन आधीपेक्षा वाढलं असेल तर पाणी जास्त झालं.

२ मे

४०० मीटरचे सहा राऊंड, मधे दीड मिनिट थांबणं, हा थंडीतला हिशेब. आता दोन मिनिटं थांबावं, नाहीतर २०० चे बारा घ्यावेत. पायांना रक्त हवं, कातडीलाही गार व्हायला रक्त हवं, हृदय एकच. त्यामुळे वेग तोच असला तरी ठोके मिनिटाला दहा-पंधरानं चढतात. घड्याळाकडे बघून वेग रेटला तर चौथ्या राऊंडला पाय जड पडतात. १६०० मीटरची तयारी करणारी भरतीची पोरं इथंच चुकतात: काल दम कमी पडला म्हणून आज जास्त पळतात.

८ मे

संध्याकाळी सातला हवा बरी वाटते, पण डांबर दिवसभराची आग पायाशी सोडत असतं. मुरमाचा रस्ता किंवा शाळेचं मैदान बरं. शेतातून नको, काळ्या रानाला पडलेल्या भेगांत घोटा मुरगळतो. बूट पत्र्यावर वाळत टाकू नयेत, सोलचा डिंक सुटतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात; त्याबद्दल एवढंच की तो भाकरीसोबत खावा.

अंगावर काटा येणं, उन्हात थंडी वाजणं, पाय लटपटणं: तिथंच थांबायचं. कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर उष्माघात समजून सावलीत न्यायचं, कपडे सैल करून सगळं अंग भिजवायचं, वारा घालायचा, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. तापाची गोळी इथं चालत नाही.

१६ मे

डोक्यावर पाणी ओतण्याचा फायदा कोरड्या हवेत जास्त. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात बादल्या उपसू नयेत. एक तांब्या पुरतो, अर्धा टोपीवर, अर्धा मानेच्या रुमालावर. कूलरचंच तत्त्व: पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं.

पण वळीव पडून गेला की हवा दमट होते. थर्मामीटर चार अंश खाली येतो आणि सगळे खूश होतात, पळताना मात्र घाम अंगावरच साचतो. इथं सवय कोरड्या उन्हाची झालेली असते, म्हणून हा बदल जास्त खातो. अंदाज घ्यायला वेगळं यंत्र नको. शर्यतीच्या आदल्या रात्री कूलर सुरू असूनही उशी चिकट लागली, तर सकाळी पहिला किलोमीटर १५ सेकंद हळू.