पाणी नाही, ओढ नडते: ईबी असलेल्या मुलाची आंघोळ

एपिडर्मोलिसिस बुलोसा म्हणजे ईबी. यात त्वचा एकसंध ठेवणारं केराटिन किंवा कोलॅजेनसारखं एखादं प्रथिन जन्मतःच सदोष असतं, नाहीतर नसतंच. सरळ दाब ही त्वचा बऱ्यापैकी सोसते. आडवी ओढ बसली की मात्र फोड येतो किंवा सालच सुटते. आंघोळीतली सगळी पथ्यं यातूनच निघतात.

रोज आंघोळ हवीच असं नाही. जखमा बऱ्याच असतील तर ड्रेसिंग बदलायच्या दिवशीच आंघोळ घालावी. नवजात बाळाच्या जन्मावेळच्या जखमा भरेपर्यंत त्याला सहसा टबात घालत नाहीत.

मूल पाण्यात जाण्याआधी नवी ड्रेसिंग मापाने कापून, लागतील त्या क्रमाने मांडून ठेवा. उघड्या जखमांनी मूल कुडकुडत बसलेलं आणि आपण कात्री शोधतोय, अशा वेळी घाई होते आणि नेमका तेव्हाच हात ओढला जातो. डॉक्टरांनी वेदनाशामक सांगितलं असेल तर ते अर्धा-पाऊण तास आधी द्या.

टबाच्या तळाशी आणि काठावर मऊ टॉवेल घाला. पाणी कोमट, 37 अंशांच्या आसपास. साधं पाणी उघड्या जखमेला झोंबतं, कारण ते शरीरातल्या द्रवापेक्षा खूपच कमी खारट असतं. म्हणून दर लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 20 लिटरला 180 ग्रॅम. आकडा ऐकून पुष्कळजण बिचकतात आणि मूठभर टाकून मोकळे होतात; मग मूल रडतं आणि दोष मिठाला जातो. वजन करूनच घाला, आणि पूर्ण विरघळू द्या. तळाशी राहिलेले खडे खरचटतात.

जखमांना वारंवार संसर्ग होत असेल तर डॉक्टर कधी ब्लीचचं पाणी सुचवतात: 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, सुगंध नसलेलं ब्लीच, 5 लिटर पाण्यात 5 मिली. यातून 0.005 टक्क्यांचं द्रावण होतं. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर मापही बदलतं. हे स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

मुलाला बखोटीला धरून उचलू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे. तान्हं बाळ मऊ गादीसकट उचला. ओलं अंग निसटतं, आपण पकड घट्ट करतो आणि बोटांच्या जागी साल निघते. चालतं मूल स्वतःच टबात उतरलेलं बरं.

जुनी ड्रेसिंग पाण्यात भिजून आपोआप सुटू द्यायची. एखादा कोपरा अडलाच तर आणखी भिजवा. चिकटपट्टी तर मुळात लावूच नये. दवाखान्यात कुणी लावलीच असेल तर सिलिकॉनचं चिकट काढायचं द्रावण वापरून सोडवा. स्पंज, घासणी नको. हाताने पाणी सोडत राहा, तेवढं पुरतं.

फोड आपणहून थांबत नाही. आतल्या पाण्याच्या दाबाने कडेकडेने पसरत जातो. म्हणून तो फोडावाच लागतो. निर्जंतुक सुई त्वचेला समांतर धरून फोडाच्या सर्वांत खालच्या भागातून आरपार न्यायची, म्हणजे आत शिरायचं आणि बाहेर पडायचं अशी दोन भोकं पडतात. एकच भोक लगेच बुजतं आणि फोड पुन्हा भरतो. मग गॉजने हलकेच दाबून पाणी काढा. वरचं कातडं तसंच राहू द्या. तेच जखमेचं झाकण. हे पहिल्यांदा नर्सकडून शिकून घ्या.

पुसायचं नाही, टिपायचं. ड्रेसिंग लावताना एका वेळी एकच हात किंवा पाय उघडा ठेवा. ईबीच्या डिस्ट्रॉफिक नावाच्या प्रकारात (यात कोलॅजेन सदोष असतं) बोटं एकमेकांना जुळत जातात, म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळावं लागतं. पॅराफिनचं मलम लावलं असेल तर ज्योतीपासून लांब. ते मुरलेले कपडेही पटकन पेट घेतात.

वास, हिरवट स्राव, भोवती पसरणारी लाली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मोठ्या मुलांत आठवडे उलटूनही न भरणारी, जाड होत जाणारी जखमही दाखवायलाच हवी. डिस्ट्रॉफिक ईबीत तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

कपडे उलटे घाला, शिवण बाहेर. मागचं लेबल कापताना टोचरं टोक उरलं नाही ना, ते बोट फिरवून बघा.