जाड केबल, लग आणि सोल्डर
आजचा दिवस एका जुन्या गाडीची बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची ३५ चौरस मिलिमीटरची केबल बदलण्यात गेला आणि केबलच्या टोकाचा लग (बोल्टला जोडायचा धातूचा तुकडा) सोल्डर, म्हणजे वितळवलेला मिश्रधातू, वापरून जोडण्यापेक्षा दाबूनच बसवावा, हे माझे मत अधिकच पक्के झाले. काढलेल्या केबलचा लग सोल्डर केलेला होता. जोड शाबूत होता. मात्र वितळलेले सोल्डर तारांच्या फटींतून इन्सुलेशनच्या आत चढून जिथे थांबले होते, नेमक्या तिथेच बाहेरच्या बऱ्याच तारा तुटल्या होत्या, कारण सोल्डर भरलेला भाग सळईसारखा ताठ होतो आणि इंजिनाच्या कंपनांचा सगळा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो.

सोल्डरची दुसरी अडचण उष्णतेची: जोडात केवळ १ मिलिओहम रोध असला, तरी २०० अँपिअर प्रवाहाला तिथे ४० वॉट उष्णता निर्माण होते, आणि कथील-शिशाचे ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसलाच वितळते.

नवा लग हायड्रॉलिक टूलने, त्याच मापाच्या षट्कोनी डायमध्ये (साच्यात) दाबला. त्याआधी उरलेल्या तुकड्यावर एक लग दाबून तो करवतीने आडवा कापून पाहिला, तेव्हा गोल तारा एकमेकींवर दाबून पैलूदार झाल्या होत्या आणि मध्ये कुठेही फट दिसत नव्हती. ते पाहून फार समाधान वाटले. हातोडीने ठोकलेल्या लगाला हे साधत नाही, आणि तसा जोड मला सोल्डरपेक्षाही वाईट वाटतो. शेवटी ओलावा तांब्यापर्यंत पोचू नये म्हणून आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली.